वॉकिंग पॅडचा हादरा खालच्या मजल्यावर जातोय, मदत हवी आहे

घरून काम करताना बसून बसून कंबर धरते, म्हणून टेबलाखाली वॉकिंग पॅड (चालायची छोटी, सपाट ट्रेडमिल) घेतलंय. ताशी 2 किमीने चालत मीटिंग आणि टायपिंग दोन्ही जमतं. 3 च्या पुढे अक्षरं चुकतात. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी धपधप ऐकू जाते. त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यामुळे फार वाईट वाटतं. मोटर तशी शांत आहे, पावलांचाच हादरा फरशीतून खाली उतरतो. योगा मॅट घालून पाहिली, तर पॅड डुलायला लागलं आणि पट्टा एका बाजूला सरकला.

जिममध्ये असते तशी जाड रबर मॅट कुणी वापरली आहे का? किती मिमीची घ्यावी? मऊ तळाच्या बुटांनी फरक पडतो का? चालणं सोडायचं नाहीये. पुण्यात अशी मॅट मापाने कापून कुठे मिळते, तेही सांगा.