ज्यानं एरिना पाहिला नाही, त्याचा एरिना रॉक खरा मानायचा का?

इतवारीचा श्रोता
आपल्या नागपुरातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलानं आठ इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढलाय. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. मानेवाड्याकडच्या घरात, वरच्या खोलीत, मे महिन्यात कूलर बंद ठेवून गायलाय म्हणे. (नागपूरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांनी आधी त्याला नमस्कार करावा.) नाव मुद्दाम टाकत नाही. चर्चा मुलावर नको, आवाजावर हवी.

आवाज सगळा ऐंशीच्या दशकातल्या एरिना रॉकचा, म्हणजे प्रचंड बंदिस्त स्टेडियमांत (एरिनांत) वाजणाऱ्या रॉकचा. जर्नी, फॉरेनर, डेफ लेपर्ड या बँडच्या घराण्याचा. भरगच्च सिंथ कीबोर्ड, तोफेसारखा स्नेअर ड्रम, शेवटच्या कोरसला सूर एक पायरी वर. सफाई जबरदस्त आहे. तरी मला तो उसना वाटला.

त्या संगीताचा मोठेपणा हौसेचा नव्हता. पंधरा-वीस हजार माणसं एका छताखाली, आवाज भिंतींवर आपटून परत येणार. तिथे बारीक आणि भरभर वाजवलं तर नुसता चिखल. म्हणून ठोके मोकळे, कॉर्ड लांब ओढलेल्या, आणि कोरस असा की शेवटच्या रांगेतल्याला दुसऱ्यांदा ऐकताच पाठ. हॉल तसा होता म्हणून गाणं तसं झालं. आपल्याकडे देशपांडे सभागृह, सुरेश भट सभागृह. तिथे लोक बसून ऐकतात आणि मध्यंतरात आलुबोंडा खातात. मग याचा रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, कुठल्या भिंतीवरून परत येतोय? तिसऱ्या गाण्यात तर वाळवंटातला रात्रीचा हायवे आहे. बाबा रे, तुझा हायवे वर्धा रोड!

सोल्डरवाला
श्रोतेसाहेब, एरिना रॉक एरिनात जन्मला हेच मुळात खरं नाही. बोस्टन बँडचा १९७६चा पहिला अल्बम घ्या. टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर होता आणि त्यानं तो बहुतेक सगळा घराच्या तळघरात रेकॉर्ड केला. स्टेडियमं नंतर भरली. पुढे १९८२ साली त्याच माणसानं रॉकमन नावाचा कमरेला अडकवता येणारा गिटारचा हेडफोन ॲम्प काढला. डेफ लेपर्डच्या १९८७च्या ‘हिस्टेरिया’तल्या ज्या गिटारी डोंगराएवढ्या वाटतात, त्या या डबीतून आल्यात. तळघर चालतं, मग मानेवाड्याची वरची खोली का चालू नये?

सीताबर्डी ४४००१२
काय म्हून राहिले भाऊ! म्हणजे आधी स्टेडियम बांधा, मग पोट्ट्यानं गिटार घ्यावी का? मले त रातच्याला फुटाळ्याकडून गाडीवर येताना तिसरंच गाणं आवडते. वाळवंट काऊन नाही? एप्रिलात दुपारी तीनला बाहेर निघून पाहा.

टॉमटॉम
मी ड्रम वाजवतो, म्हणून माझी तक्रार वेगळी. भावना खऱ्या की उसन्या ते तुम्ही बघा. त्याचा स्नेअर मात्र चुकलाय.

गेटेड रिव्हर्ब, म्हणजे ऐंशीच्या ड्रमचा तो घुमून एकदम तुटणारा आवाज, लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत अपघातानं सापडला. पीटर गॅब्रिएलच्या १९८०च्या अल्बमचं काम चालू होतं. फिल कॉलिन्स ड्रमवर, ह्यू पॅजम इंजिनिअर. वादकाचं बोलणं इंजिनिअरला ऐकू यावं म्हणून टांगलेल्या माइकवर जबर कॉम्प्रेसर (बारीक आवाजही मोठा करणारं यंत्र) होता. त्यातून ड्रमचा आवाज आला तो राक्षसासारखा. मग त्याची शेपटी गेटनं (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणाऱ्या यंत्रानं) कचकन कापली. लोक विसरतात ते पुढचं: गॅब्रिएलनं झांजा वाजवायच्याच नाहीत असं बजावलं होतं. झांज लांब घुमत राहते, गेट बंद होऊच देत नाही. आपल्या मुलानं मात्र दर दुसऱ्या ओळीला क्रॅश (मोठी झांज) ठोकलाय. परिणाम? धप्प म्हणून थांबायच्या जागी सगळं सळसळत राहतं. पाचव्या गाण्यात झांज नाही, तिथे बघा काय छाती दणाणते.

इतवारीचा श्रोता
@सोल्डरवाला, तळघराची गोष्ट मान्य, माझं ते वाक्य मागे घेतो. पण शोल्झ त्याच्या काळाचा आवाज घडवत होता. हा मुलगा स्वतःच्या जन्माआधीचा आवाज जसाच्या तसा उभा करतोय. दोन्ही एकच कसं? आणि टॉमटॉम म्हणतात ते त्यातूनच येतं. नक्कल करणारा आवाज उचलतो, त्यामागचा नियम उचलत नाही.

संत्राबर्फी
१९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड सुरू झाला. १९८८ साली त्यांचा इंग्रजी अल्बम आला. या वादाला निदान तेवढी वर्षं झाली असतील. चालू द्या.

जुना ऑर्केस्ट्रावाला
सगळं वाचलं. ‘जन्माआधीचा आवाज’ यावर हसू आलं. तो आवाज नागपुरातून गेला कधी?

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. यामाहाचा डीएक्स-७ कीबोर्ड आला १९८३ साली, रोलंडचा ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, १९८५ साली. तिकडच्या बँडनी दहा वर्षांत ते अडगळीत टाकले असतील. आपल्याकडे ऑक्टापॅड आजही लग्नात आहे, गणपतीत आहे, धुमालमध्ये आहे. धुमाल ऐकलाय ना? गाडीवर कर्ण्यांची भिंत, किंचाळणारा कीबोर्ड, आणि ठोका असा की दुकानाचं शटर थरथरतं. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांत उभे राहा. दोन्हीकडे तीन-तीन मजली घरं, आवाज आपटून परत येतो, हजारो माणसं हात वर करून नाचतात. श्रोतेसाहेब, तुमचं नाव इतवारीचं आणि भिंत कुठे म्हणून विचारता?

आता सहाव्या गाण्याचा मधला तुकडा ऐका. गिटार थांबते तिथे तो जे टॉम ड्रम वाजवतो ते अमेरिकेतलं नाही. तो धुमालचा ठोका आहे, थोडा सावकाश केलेला. त्याला स्वतःला कळलंय की नाही कोण जाणे.

टॉमटॉम
काका, आत्ता परत लावून ऐकलं. शंभर टक्के. आणि तिथेही झांज नाही!

सीताबर्डी ४४००१२
काका जिंकले. 🙏

इतवारीचा श्रोता
काकांनी माझ्याच गल्लीत गाठलं. सहावं गाणं आता तीनदा ऐकलं, आणि हो, तो तुकडा कुठून आला हे ऐकू येतं. पण मग माझी तक्रार वाढलीच. बारा सेकंद आहे तो. आठ गाण्यांत बारा सेकंद! तिथून पुन्हा पळत जाऊन तेच ‘ओ ओ ओ’. बोल तर अजूनही पटत नाहीत. इंग्रजीत लिहावं, जरूर लिहावं, पण इंग्रजीतही मेडिकल चौक लिहिता येतो.

सोल्डरवाला
‘ओ ओ ओ’ला हात लावायचा नाही. त्याच्यासाठीच पैसे दिलेत मी.

जुना ऑर्केस्ट्रावाला
त्याला कोणी ओळखत असेल तर निरोप द्या. माझा ऑक्टापॅड माळ्यावर आहे. दोन पॅड मेलेत, बाकीचे सहा चालतात. येऊन घेऊन जा म्हणावं, पण कूलर लावल्याशिवाय मी बसणार नाही.