पॉइंट टूटू पिस्तूल घेतलं, पण ग्रिप हातात बसत नाही. काय काय बदलता येईल?

कर्वेनगरची_नेमबाज:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल मारतेय, आता पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तूलमध्ये यायचं म्हणून एकदाचं पॉइंट टूटू (.२२ बोअरचं पिस्तूल) घेतलं. लायसन्सचं रामायण सांगत बसत नाही, चौकशीला पोलीस आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पण जाऊन आले आणि तेव्हापासून ते माझ्याशी पार्किंगच्या विषयावर भांडत नाहीत एवढाच काय तो फायदा. पिस्तूल सेकंडहँड आहे, जुनं वॉल्थर जीएसपी, ते ट्रिगरच्या पुढे मॅगझिन असलेलं ठोकळ्यासारखं. आधीचे मालक सहा फुटी, पंजा सुपाएवढा, आणि माझ्या बांगड्या लहान मुलींच्या साइझच्या. ग्रिप धरली की बोट ट्रिगरपर्यंत कसंबसं पोचतं, तळहाताच्या मागे एवढी पोकळी राहते की पेन्सिल आरपार जाईल. शॉट सगळे खाली डावीकडे, घड्याळात सात-आठ असतात त्या दिशेला. मी उजव्या हाताने मारते.
तर डोक्यात असं आहे की ट्रिगर दाबायचं वजन एअर पिस्तूलसारखं पाचशे ग्रॅमवर आणावं, वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साइट) लावावा कारण चाळिशी लागलीये, आणि बाहेरून नवी ग्रिप मागवावी. पैसे एकदम सगळ्याला नाहीत. आधी काय करू?

जुना_बालेवाडीकर:
ताई, अभिनंदन. आता तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी मी फुकटात कमी करतो. स्पोर्ट्स पिस्तूलला ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅम लागतो, ५०० हे फक्त एअरला. मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला पिस्तुलाची नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन लटकवतात आणि उचलतात, वजन उचललं गेलं नाही आणि ट्रिगर सुटला की तुम्ही परत स्क्रू पिळत बसा. आणि रेड डॉट आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तुलात चालतच नाही, उघडी साइटच हवी, पिस्तुलावर भिंगही नाही. भिंग लावायचं तर तुमच्या शूटिंगच्या चष्म्यात लावा. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की फोरसाइट (नळीच्या टोकाकडची पुढची साइट) स्पष्ट दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. त्यांना हे पटवायला दोन चकरा होतात.
बाकी खाली डावीकडे म्हणजे नव्वद टक्के ट्रिगर ओढताना अख्खी मूठ आवळली जातेय. आणि ती आवळली जाणारच, कारण बोट पोचत नाही म्हणून तुम्ही हात पुढे सरकवून धरताय. ट्रिगरला दोष नाही.

पेठेतला_उद्योगी:
एवढं काय, रविवार पेठेत माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, ट्रिगरच्या आतल्या सिअरवर (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर अडवून धरणाऱ्या खिट्टीवर) जरा कानस मारून देतो, लोण्यासारखा चालतो. नळी पण थोडी कापून बॅलन्स मागे आणता येईल.

जुना_बालेवाडीकर:
उद्योगी साहेब, असले सल्ले देऊ नका. नळी आखूड करणं हा आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, पिस्तूल बाळगायचं लायसन्स असलं तरी. आणि सिअरचा कडक केलेला थर कानसीने गेला की आज लोण्यासारखा आणि पावसाळ्यानंतर बोल्ट सोडल्यावर आपोआप फायर. जीएसपीचा ट्रिगर युनिट अख्खा सुटा निघतो, १००० ग्रॅमचा वेगळा आणि १३६० चा वेगळा यायचा. ताईंनी आधी आपला कुठला आहे ते बघावं, जड असेल तर योग्य युनिट शोधावं. बाहेरचे जे स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढेच फिरवायचे, बाकी आर्मररकडे (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे).

लाकडाचा_भुसा:
ग्रिपचं मी बोलतो, माझ्या तीन ग्रिपा मीच घडवल्यात (पहिली बिघडवली). नवी मागवू नका, आहे त्या अक्रोडावरच हात चालवा. आधी ग्रिप पिस्तुलावरून काढा, नाहीतर भुसा आत जातो आणि मग तुम्ही तक्रार करता की जॅम होतंय. मोठ्या ग्रिपला आधी लाकूड काढायचं असतं, चिकटवायचं नंतर. तळहाताला स्वस्तातली लिपस्टिक लावा, ग्रिप परत बसवा, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, मॅच मारताना धरता तशी धरून हात लांब करा आणि मग सोडून बघा. जिथे गडद लाल डाग तिथे जास्त दाब, तिथे ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर दोन-चार वेळा, परत लिपस्टिक, परत पेपर. माझ्या बायकोची लिपस्टिक संपली तेव्हा कुठे अंगठ्याच्या मुळाशी बसली. घाई केली तर लाकूड परत येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पोकळी राहील तिथे एम-सील थापा, हाताला थोडं तेल लावून ओल्यावरच मूठ दाबा, सुकलं की घासा. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये.
खालचा टेकू, म्हणजे पाम शेल्फ, वर सरकवा पण इतका घट्ट नाही की हात थरथरेल. टेकू ग्रिपशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात नको आणि मनगटाला आधार चालत नाही. शिवाय अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या डब्यात बसलं पाहिजे. एम-सील थापताना हा पन्नासचा आकडा विसरू नका, माझी दुसरी ग्रिप त्यानेच बाद झाली.
तपासायची युक्ती: डोळे मिटून हात उचला, मग उघडा. फोरसाइट रिअरसाइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेच्या बरोबर मधे आली तर ग्रिप बसली. दर वेळी एकाच बाजूला आली तर अजून घासायचं आहे.

सिंहगड_रोडवरून:
एक भर. पॉइंट टूटू एअरसारखं नुसतं खटाखट ड्राय (गोळी न भरता ट्रिगर दाबणं) करू नका. रिमफायरची पिन कार्ट्रिजच्या कडेवर मारायला असते, चेंबर रिकामं असलं तर ती चेंबरच्या काठावरच आपटते आणि तिथे खळगा पडतो. ड्राय फायरचा प्लग टाका. आणि पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या केसमध्ये तसंच ठेवू नका, तो फोम ओल धरून ठेवतो. माझ्या स्लाइडवर जुलैमध्ये बोटांच्या ठशांसकट गंज आला होता. कार्ट्रिज स्टँडर्ड व्हेलॉसिटीचीच वापरा, हाय व्हेलॉसिटी या पिस्तुलांना मानवत नाही. कधी क्लिक झालं आणि आवाज नाही आला तर पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडेच ठेवून थांबा, लगेच उघडू नका. आणि रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय वडापाव नको, शिसं असतं हातावर.

कर्वेनगरची_नेमबाज:
काका, दादा सगळ्यांचे आभार. ट्रिगर युनिट वजन लावून तपासलं, १३६० निघालं! म्हणजे इतके दिवस मी मॅचपेक्षा जास्त वजन ओढत होते, कोच म्हणाले यामुळेही खाली जाणार. १००० च्या युनिटचं विचारून ठेवलंय. ग्रिप मात्र तीन रविवार घासली. सासूबाईंनी विचारलं काय करतेस, म्हटलं फर्निचर. काल पाच-पाच राउंडच्या चार मालिका मारल्या, खाली जाणं थांबलंय, ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) माझ्या मुठीएवढा आलाय पण आता उजवीकडे, नऊच्या रिंगच्या आसपास. म्हणजे परत घासायचं का?

लाकडाचा_भुसा:
डोळे मिटून हात उचलल्यावर फोरसाइट मधे येतेय का?

कर्वेनगरची_नेमबाज:
हो, दहातल्या आठ वेळा.

लाकडाचा_भुसा:
मग पेपर ठेवून द्या. आता रिअरसाइट डावीकडे, एका वेळी दोन क्लिक, पाच राउंड मारून बघायचं. आणि वहीत लिहा, पेन्सिलने, कारण नवा युनिट आला की सगळं परत बदलणार आहे.