पाण्यानं वेढलेल्या गावांना आधी काय द्यायचं: घरोघरी नळ, की पुरातही चालेल असं पाणी आणि संडास?

कृष्णाकाठ_पलूस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आमच्या पलूस तालुक्यातली नदीकाठची गावं अक्षरशः बेटं झाली होती. ८ ऑगस्टची ब्रह्मनाळची बोट दुर्घटना अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण बोट येईपर्यंत त्या गावांत माणसं काय पाणी पीत होती आणि संडासला कुठं जात होती, हे फार कुणी विचारत नाही.

आमच्याकडच्या योजना कशा असतात बघा. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, नदीच्या काठाला, मोटर आणि स्टार्टर तिथंच. पूर आला की पहिल्यांदा तेच बुडतं, वीज जाते, आणि गावातली टाकी फार तर दिवसभर पुरते. विहिरीत गढूळ पाणी शिरतं. दोन खड्ड्यांच्या संडासाचे खड्डे भरतात आणि घाण भांड्यातून उलटी वर येते. कागदावर मात्र गाव शंभर टक्के नळाचं आणि हागणदारीमुक्त.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जे गाव वर्षातून एकदा का होईना बेट होतं, किंवा कोयनेच्या फुगवट्यापलीकडच्या वाड्यांसारखं बारमाही तुटलेलं आहे, तिथली योजना वर्षातल्या सगळ्यात वाईट पंधरवड्यावर तपासावी. पहिला पैसा पूररेषेच्या वरच्या साठवण टाकीला, घरोघरी पाणी शुद्ध करण्याच्या सामानाला आणि जोत्यावर उचललेल्या संडासांना द्यावा. पाइपलाइन त्यानंतर. ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या बेटांवर माणसं पिढ्यानपिढ्या राहतात. तिथं हातपंपाचा ओटा पुराच्या वर बांधायचा, ही साधी गोष्ट मानली जाते. आपण ती का शिकत नाही?

कांदाटीकर

दादा, कोयनेपलीकडच्या वाड्यांचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी साताऱ्यातल्या कांदाटी खोऱ्यातला. आमच्या बापजाद्यांची खाचरं शिवसागर जलाशयाखाली गेली. धरण १०५ टीएमसीचं, वीज १९६० मेगावॅट, ती अख्ख्या राज्यानं वापरली. आणि पाणी अंगणासमोर दिसत असताना आमच्या आयाबहिणी उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की गाळ तुडवत हंडे आणतात. खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेत जातात याची दखल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. एवढं आम्ही तुटलेले आहोत.

आता तुम्ही म्हणता, नळ नंतर, आधी पाण्यात टाकायच्या क्लोरीनची, मेडिक्लोरची, बाटली आणि टाकी. शहरात कुणाला असं सांगाल का? जलजीवन मिशन २०१९ ला जाहीर झालं तेव्हा माणशी रोज ५५ लिटर ठरलं. त्यात "तुटलेली गावं सोडून" असं कुठं लिहिलेलं नाही. एकदा का घरगुती उपाय म्हणून टाकी दिली, की पाइप कधीच येणार नाही. फाइल तिथंच बंद होते. तात्पुरतं म्हणून दिलेलंच आम्हाला कायमचं मिळत आलंय, म्हणून माझा ठाम विरोध.

निवृत्त_पाणीपुरवठा

दोघांच्या मुद्द्यात दोन वेगळ्या भूगोलांची सरमिसळ झाली आहे.

कांदाटी, सोळशी भागात वर सडा, म्हणजे दगडी पठार आहे. जांभा दगडातून पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या काळ्या पाषाणाला लागलं की डोंगराच्या कुशीतून झरा फुटतो. असा बारमाही झरा वाडीच्या वर असेल तर मोटर नको, वीजबिल नको. झऱ्याला बंदिस्त कुंडी बांधायची, वर कुंपण घालायचं आणि उतारानं पाइप आणायचा. गावकरी त्याला सायफन म्हणतात. कांदाटीकरांना नळ मिळू शकतो आणि तो स्वस्तातला नळ आहे. अडचण बहुतेक वेळा परवानगीची असते, कारण भोवती अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे.

पलूस, मिरज, वाळवा हे सपाट आहे. तिथं जॅकवेल नदीत असणारच. पण स्टार्टर पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर २०१९ च्या पातळीच्या वर उचलता येतात, पाणबुडी मोटर बसवता येते, जनरेटरची सोय ठेवता येते. नळ योजना पुरात बंद पडतेच असं नाही. आपण ती बंद पडेल अशी बांधतो. त्यामुळे "नळ नंतर" हे मला पटत नाही. नळच नीट बांधा.

माजुली_ते_मिरज

कामानिमित्त आसामात राहिलो आहे, म्हणून तिथलं सांगतो. माजुली हे ब्रह्मपुत्रेतलं मोठं बेट, २०१६ ला त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तिथले मिसिंग लोक खांबांवर घर बांधतात, त्याला चांग घर म्हणतात. पूर खालून जातो. माजुलीचे काठही कापले जातात, पण बेट तरी जागेवर आहे. खाली जी वाळूची बेटं आहेत, ज्यांना चर म्हणतात, ती दरवर्षी कापली जातात आणि दुसरीकडं नवी तयार होतात. तिथं पाइपलाइन टाकली तर जमिनीसकट जाईल. म्हणून उंच ओट्यावरचा हातपंप, गरज पडली तर उचलून नेता येईल असा. ती त्या भूगोलाची गरज आहे. आपली गावं जागेवर आहेत. तिथला उपाय जसाच्या तसा आणू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बांगलादेशात १९७० नंतर युनिसेफच्या मदतीनं लाखो कूपनलिका घेतल्या गेल्या, कारण तळ्याचं पाणी पिऊन पोरं हगवणीनं मरत होती. पाणी स्वच्छ दिसत होतं. १९९३ मध्ये कळलं की त्यात आर्सेनिक आहे. आर्सेनिक उकळून जात नाही, क्लोरीननं जात नाही. आपल्या बसाल्टात तो धोका तसा नाही. पण कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, खतांचा मारा आहे, आणि खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेटसुद्धा उकळून जात नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. "घरोघरी शुद्ध करा" म्हणण्याआधी पाण्यात काय आहे ते तपासा.

वाळव्याची_लेक

सगळे पाण्यावर बोलताय. संडासाचं एका ओळीत उरकलंत.

२०१९ ला आम्ही शाळेच्या निवारा केंद्रात होतो. एवढ्या बायका आणि संडास मोजून दोन, त्यातला एक तुंबलेला. बायका मुद्दाम पाणी प्यायच्या बंद झाल्या, जेवण कमी केलं, अंधार पडायची वाट बघायच्या. पाळी आलेल्या मुलींचं काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. नंतर कितीतरी जणींना लघवीची जळजळ झाली. पुराचा हा आजार कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

काळ्या रानात शोषखड्डा मुळात मुरत नाही. पावसाळ्यात ओल वर आलेली असते, खड्ड्याचा तळ पाण्यातच असतो आणि शेजारी बोअर. म्हणून मी दादांच्या बाजूनं. उंच जोत्यावरचे, वर चढायला पायऱ्या असलेले, आतून कडी लागणारे संडास पहिल्यांदा बांधा, निदान शाळेत आणि समाजमंदिरात तरी. नळ चार महिन्यांनी आला तर चालेल. संडास थांबलेले चालणार नाहीत.

समतेचा_कार्यकर्ता

ताई, उंच संडास हवेतच. पण त्या नावाखाली राख टाकायचे कोरडे संडास पुढं केले जातात, तेव्हा मला धडकी भरते. खालचा कप्पा कोण रिकामा करणार? गावात ते काम कोणत्या वस्तीच्या वाट्याला येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हातानं मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. कप्पे दोन असले आणि एक वर्षभर बंद ठेवला तर आतलं कोरडं खत होतं, हे मान्य. पण तो बंद ठेवला जाईल याची हमी आधी द्या. ज्याचं घर त्यानंच उपसायचं, हे ग्रामसभेत लिहून घेतल्याशिवाय माझा पाठिंबा नाही.

कराडचा_अभियंता

दरवर्षी कोटी ओतण्यापेक्षा पूरपट्ट्यातल्या गावांचं पुनर्वसनच करा की. एकदाचा खर्च.

कांदाटीकर

पुनर्वसन म्हणजे काय ते आम्हाला विचारा. १९६० च्या दशकात उठलेल्या माणसांची नातवंडं अजून कागद घेऊन हिंडतात.

कृष्णाकाठ_पलूस

कांदाटीकर भाऊ, तुमचा राग रास्त आहे, पण एक हिशेब बघा. महाबळेश्वरच्या अंगाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावरून, गळती धरूनही, दोन लाख लिटर पाणी वाहून जातं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी सात लिटर धरले तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना ४,२०० लिटर लागतात. पाच हजार लिटरची एक टाकी. पहिले दोन पाऊस वाहू द्यायचे, झाकण घट्ट ठेवायचं. जंगलखात्याची परवानगी लागत नाही, पुढच्या पावसाळ्याआधी होईल. पाइप येईपर्यंत बहिणींनी गाळ तुडवत राहायचं का?

कांदाटीकर

तुमच्याच हिशेबानं ५५ लिटरनं मोजा. पाच माणसं, चार महिने, ३३,००० लिटर. धुणं, भांडी, अंघोळ, गुरं, आणि ज्या संडासासाठी ताई भांडतायत त्याचं पाणी, हे सगळं त्या टाकीत बसत नाही. म्हणजे हंडा सुटत नाही, फक्त एक हंडा कमी होतो. टाकी द्या, मी नाही म्हणणार नाही. पण टाकीच्या मंजुरीच्या कागदावर झऱ्याच्या पाइपची तारीख लिहून द्या. निवृत्त साहेब म्हणतात तसा सायफन. तारीख नसेल तर टाकी नको.

जलसुरक्षक_मिरज_तालुका

मी ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. वर सगळ्यांनी बांधकामावर लिहिलंय, म्हणून रोजचं सांगतो.

हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, अर्धा तास थांबायचं, मग शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी. पिवळा रंग आला तर पाणी सोडायचं. पुराच्या गढूळ पाण्याला हे लागू पडत नाही. आधी तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढायचं आणि मग टीसीएल. गाळ असला की पावडर गाळातच खर्च होते. पोतं ओलं झालं किंवा वर्षभर पडून राहिलं तर जोर जातो, आणि पुरात पोतं ओलंच होतं, कारण ते ग्रामपंचायतीच्या खालच्या खोलीत असतं.

टाकी उंच बांधा, पाइप आणा, दोन्ही आणा. पण माझं मानधन पाणीपट्टीतून निघतं, आणि पाणीपट्टी पूर आलेल्या वर्षी कुणी भरत नाही. ज्या महिन्यात माझी सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यात पावडर आणायला पैसे नसतात. त्या महिन्याची पावडर, तुरटी आणि माणूस यांचा खर्च जिल्हा परिषदेनं जूनमध्येच आगाऊ द्यावा, आणि पोतं शाळेच्या माडीवर ठेवू द्यावं. नळवाले आणि टाकीवाले, दोन्ही बाजूंनी यावर काय म्हणणं आहे ते सांगा.