‘घरात राजकारण नको’ म्हणणाऱ्या दादांना

नदीकाठची

‘कोथरूडचा थोरला’ यांनी काल सरत्या २०२४ चा आढावा लिहिला. लोकसभेच्या वेळी घरच्या ग्रुपवर भांडणं झाली, मग त्यांनी राजकारणावर बंदी घातली आणि तेव्हापासून घर सुखात आहे, असं त्यांचं म्हणणं. पवारांच्या घरी यंदा दिवाळीचा पाडवा दोन ठिकाणी झाला, एक काटेवाडीत, एक गोविंदबागेत. तशी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून सगळ्यांनी अशी बंदी घालावी, हा त्यांचा सल्ला. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ची रांग लागली आहे. मला काही तो लेख डोक्यातून जाईना.

दादा, माझे आईवडील पुण्यात सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला तळमजल्यावर राहतात. २५ जुलैच्या पहाटे आईने पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यात. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यात नेलं म्हणून वाचले. खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकवर गेला, हे आम्हाला नंतर बातम्यांत कळलं. आमच्या गल्लीत आधी ना भोंगा, ना गाडी, ना फोन.

पाणी ओसरल्यावर दार ढकललं, तर गाळाची रेघ स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डाच्याही वर. फ्रिज आडवा पडलेला. आईने एकच मागितलं, पत्र्याची ट्रंक. उघडली तर तिच्या शालूचा लाल रंग वडिलांच्या नोकरीच्या कागदांवर उतरलेला, नेमणुकीच्या पत्रावरची सही सुद्धा वाचता येईना. आई ते कागद एकेक करून दोरीवर वाळत घालत होती.

मी ग्रुपवर फोटो टाकले आणि विचारलं, पाणी सोडताना खालच्या वस्तीला सांगायचं काम कोणाचं? मामेभावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: “ताई, इथे राजकारण नको ठरलंय ना.”

तुमच्यासारखीच बंदी आमच्याकडेही होती. तिच्यात काय काय गडप झालं ते ऐका. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरला त्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. माझा भाचा रोज रात्री शिफ्ट संपवून त्याच बाजूने दुचाकीवर येतो. बहीण महिनाभर जागी राहायची, पण ग्रुपवर बोलायचं नाही, कारण आमदार-पोलिस आले की ते राजकारण. पुराच्या वेळी दाद मागायला नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ ला मुदत संपल्यापासून तेव्हा पुण्याच्या महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. हेही बोलायचं नाही.

सांगा ना दादा, नेमकं काय बोलायचं घरात? तब्येत, हवा आणि पुरणपोळी?

कोथरूडचा थोरला

ताई, तुमच्या आईवडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्या घरात काय झालं हे माहीत नसताना मला पळपुटा ठरवू नका.

१३ मेला आमचं मतदान. आदल्या रात्री वडील आणि धाकट्या भावाची जुंपली. वडील ८१ वर्षांचे, आणीबाणीत येरवड्यात काढलेले. धाकटा म्हणाला, “तुमच्या पिढीनेच वाट लावली.” वडिलांनी ताट सारलं. त्यानंतर धाकटा चार महिने घरी आला नाही. गणपतीत आला तर वडील आतल्या खोलीतून बाहेर येईनात. आरतीला ते आतून टाळ्या वाजवत होते. माझी आई दोन खोल्यांच्या मधे उभी राहून रडत होती, तबक हातात.

त्या रात्री मी बंदी घातली. आता धाकटा दर रविवारी येतो, दोघं पत्ते खेळतात. हे मी कोणासाठी मोडू? मी हरलो, पळालो, काय म्हणायचं ते म्हणा.

निळीरेषा

पुराबद्दल सहानुभूती आहेच. पण एक विचारतो. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठी बांधकामाला मनाई असलेल्या हद्दीच्या, आत घर घ्यायचं आणि पाणी आलं की ओरडायचं, हे कसं? फ्लॅट घेताना नदी दिसत नव्हती का? ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून दोन पैसे जास्तच दिले असतील. मी स्वतः १९९८ मध्ये तिथला फ्लॅट सोडून लांब धायरीत घेतला. तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं.

नदीकाठची

रिव्हर व्ह्यू? आमच्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. इमारतीचा नकाशा मंजूर, भोगवटा पत्र आहे, बँकेने कर्ज दिलं, मालमत्ता कर दरवर्षी भरलाय. पूररेषा कुठून जाते हे माझ्या कारकून बापाने बघायचं होतं, की नकाशावर शिक्का मारणाऱ्याने?

तुम्ही शहाणपणा केलात, खरंच केलात. पण धायरीला तुम्ही टँकरच्या पाण्यावर किती वर्षं काढलीत, तेही सांगा.

निळीरेषा

टँकरचा मुद्दा बरोबर आहे. अजून येतो.

पानशेत पाहिलेला

मी १२ जुलै १९६१ चा साक्षीदार आहे. नारायण पेठेतलं आमचं घर गेलं. त्या वेळी ना निळी रेषा होती ना लाल. तेव्हापासून सांगतोय, नदीला जागा द्या. आता तर पात्रात भराव घालून सुशोभीकरण चाललंय. आणि विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींबद्दल कोणी का बोलत नाही? माझ्या पत्नीला हृदयविकार आहे. यंदा त्या दोन रात्री आम्ही कानांत बोळे घालून मोरीत बसून काढल्या. हे कोणत्या बंदीत बसतं?

पगारदार

विषय राजकारणाचाच आहे तर खरं दुखणं बोलू. लाडकी बहीण. अर्थसंकल्पात वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. निवडणुकीच्या आधी पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, आणि २० नोव्हेंबरला मतदान. आता एकवीसशे करणार म्हणतात. पूरग्रस्तांच्या भिंती बांधायला पैसा कुठून येणार?

माझा टीडीएस दर महिन्याला कापला जातो. प्रोफेशनल टॅक्स दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. मला आजारपणात कोणी पंधराशे दिले नाहीत. आमच्या पोळ्यांच्या मावशींनी जुलैत फॉर्म भरायला तीन खाडे केले आणि ऑगस्टमध्ये पैसे आल्यावर म्हणतात, पगार वाढवा. सरकार फुकट देतं म्हटल्यावर कामाची किंमत कोणाला राहते? ताई, हे बोला घरात.

दांडेकर पुलाची लेक

‘पगारदार’, मी पोळ्यांच्या मावशीची मुलगी आहे. नर्सिंग केलं, आता नोकरी करते. तुमच्या लिहिण्यावर मी एरवी गप्प बसले असते. आज नाही बसणार.

माझी आई २६ वर्षं पोळ्या लाटते. सहा घरं. सकाळी पावणेसहाला पहिलं घर. तिच्या उजव्या मनगटाच्या आत तव्याचे डाग एकावर एक आहेत, लहानपणी मी ते बोटाने मोजायचे. २७ सप्टेंबर २०१८ ला कालवा फुटला आणि आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा ती दुसऱ्याच्या घरी पोळ्या करत होती. फोन आला तरी उरलेली कणीक संपवून निघाली, कारण त्या घरी पाहुणे होते. त्या महिन्याचे दोन खाडे तिचे कापले गेले.

१५०० चं सांगते. ऑगस्टमध्ये बँकेचा मेसेज आला. तिने पिठाच्या हाताने फोन माझ्यापुढे धरला, “वाच गं, तीन हजारच म्हणतंय ना?” दोन महिन्यांचे एकदम आले होते. मी तीनदा वाचून दाखवलं. सहा घरांचा पगार रोख मिळायचा आणि दारातच भाऊ किंवा बाप मागायचा. स्वतःच्या नावाच्या खात्यात, कोणी हात न लावता, तिचे पहिल्यांदा पैसे राहिले. सप्टेंबरमध्ये चष्मा केला. इतकी वर्षं अंदाजाने लाटत होती.

आणि कर फक्त तुम्हीच भरता? ती साबण घेते त्यावर २०२४ मध्ये १८ टक्के जीएसटी होता. पुड्यातलं पीठ घेतलं तर ५ टक्के. तिला तर कोणी फॉर्म १६ सुद्धा देत नाही.

पगारदार

भावनेच्या भरात मुद्दा बाजूला जातोय. तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण अडीच लाखांच्या आतलं उत्पन्न कोणी तपासलं? आमच्याच सोसायटीतल्या एकीने, घरी दोन गाड्या असताना, फॉर्म भरलाय. निवडणुकीआधी एकालाही छाननी सुचली नाही. हे मत विकत घेणं आहे. आणि तुमची आई ज्या घरात काम करते त्या घरातला माणूसही कुणाचा तरी नोकर आहे, हे विसरू नका.

दांडेकर पुलाची लेक

दोन गाड्यावालीचा फॉर्म रद्द करा. मीच सह्या गोळा करून देते. मत विकत घेतलं म्हणता, तर आईने कोणाला मत दिलं हे मलाही माहीत नाही. तुम्हाला कसं कळलं?

एवढंच सांगा. तुमच्या मावशींना पगार किती आणि खाडे कापता का?

पगारदार

चौघांच्या पोळ्या, एक वेळ, तीन हजार. महिन्याला दोन सुट्ट्या, वरचे खाडे कापतो. दिवाळीला एक पगार बोनस. बाजारभावच आहे. मलाही कंपनी बिनपगारी रजा देते.

शनिपार

तीन हजार शेवटचे कधी वाढवले?

पगारदार

कोविडनंतर.

शनिपार

म्हणजे तीन वर्षं झाली. गॅस, तेल, बसचा पास, सगळं वाढलं. तुमचा पगार तीन वर्षांत वाढलाच नाही का?

पगारदार

माझ्या घरात डोकावायचं कारण नाही. इथे चोर पकडल्यासारखी उलटतपासणी चालली आहे. माझ्या आईला अर्धांगवायू झालाय, दिवसाची बाई वेगळी, रात्रीची वेगळी. दोघींचे मिळून ३२ हजार जातात. बायकोने नोकरी सोडली. मी कुठून वाढवू? सरकारने मध्यमवर्गातल्या म्हाताऱ्यांसाठी काय केलं ते सांगा आधी. एक तरी पक्ष जाहीरनाम्यात लिहितो का?

पानशेत पाहिलेला

हे मात्र खरं बोललात. रात्रीची बाई मिळवणं म्हणजे स्थळ शोधण्याइतकं अवघड झालंय. आमची मुलगी सिएटलला. रोज व्हिडिओ कॉल करते, पण पत्नीला रात्री उठवून बसवायला माणूस लागतो तो मीच, ८४ वर्षांचा.

कोथरूडचा थोरला

बघा, माझ्या लेखाचा विषय काय आणि आपण कुठे आलो. म्हणूनच बंदी.

नदीकाठची

दादा, मला उलट वाटतं. ‘पगारदार’ यांच्या आईचं आजारपण आज पहिल्यांदा बाहेर आलं, ते पंधराशेवरून भांडल्यावर. माझं त्यांच्याशी पटत नाही आणि पटणारही नाही. पण आता मला माहीत आहे ते का चिडतात.

लेक, तू ‘पगारदार’ यांना जे विचारलंस, त्याचं उत्तर मलाही द्यायला हवं. आमच्या मावशींची खोली नदीच्याच काठी, आमच्याहून खाली. जुलैत त्यांच्याकडेही पाणी शिरलं. त्या पाच दिवस आल्या नाहीत. मी आईकडे गाळ काढत होते, नवीन गाद्या आणत होते. १ ऑगस्टला हिशेब करताना तीन खाडे कापले. सवयीने कापले. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे मोजून पदराला बांधले. तुझी २०१८ ची गोष्ट वाचेपर्यंत मला हे आठवलंही नव्हतं. उद्या देणार आहे. पाच महिन्यांनी.

दांडेकर पुलाची लेक

द्या ताई. आणि देताना कशाचे ते सांगा. नाहीतर त्यांना वाटेल उसने आहेत.

पगारदार

माझा एकवीसशेला विरोध आहे आणि राहणार. पण फॉर्मसाठी झालेले खाडे कापायला नको होते, एवढं मान्य. जानेवारीपासून किती वाढवता येतात ते बायकोशी बोलून बघतो. इथे आकडा विचारू नये.

निळीरेषा

आमच्याकडे दर ठरवताना माणशी हजार धरतात. माहितीसाठी.

कोथरूडचा थोरला

रात्री हा धागा वडिलांना वाचून दाखवला. पुराचं ऐकून म्हणाले, “त्या मुलीने विचारलं त्यात राजकारण कुठे आहे? माझ्या मुलाने विचारलं असतं तर मी ताट सारलं नसतं.” मी म्हटलं, धाकट्याने मेमध्ये महापालिकेच्या निवडणुकीबद्दलच सुरुवात केली होती, तुम्ही ऐकलं नाहीत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

बंदी मी आज उठवणार नाही. मला आईची भीती वाटते. पण येत्या रविवारी धाकटा आला की पत्त्यांच्या आधी पुराचा विषय मी काढणार आहे. दोघांच्या मधे मी बसेन.

नदीकाठची

काढा दादा. आणि वडिलांना सांगा, आमच्या गल्लीत पाणी सोडण्याआधी भोंगा वाजावा, यासाठी आम्ही सह्या गोळा करतोय. आत्तापर्यंत ११२ झाल्यात. आणीबाणीत येरवडा पाहिलेल्या माणसाची सही मला हवी आहे. मी कोथरूडला येऊन घेईन.