उम्म कुल्थुमच्या गाण्यातला गंधार माझ्या पेटीत सापडत नाही

पेटीवाला_महाल

नमस्कार मंडळी. नागपुरात महालात राहतो, चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो. माझा भाचा कामानिमित्त कैरोत असतो, त्यानं उम्म कुल्थुम या इजिप्तच्या गायिकेचं गाणं पाठवलं. एकच ओळ ही बाई चार-पाच वेळा घेते, दर वेळी वेगळ्या वळणानं, आणि समोरचे लोक मधेच ‘अल्ला!’ म्हणून दाद देतात, आपल्याकडे ‘क्या बात है’ निघते तशी. शब्द एक कळत नाही, तरी परवा रात्री दोन वाजेपर्यंत ऐकत बसलो.

मग काळी दोनमध्ये सूर शोधायला घेतले. सा, रे, म, प मिळाले. गंधार मिळेना. कोमल दाबला तर खाली पडतो, शुद्ध दाबला तर वर जातो. बाई दोघांच्या मधोमध उभी राहते आणि जराही हलत नाही. वाटलं पेटी उतरली. तंबोऱ्याशी ताडून पाहिली, पेटी ठीक आहे. मग वाटलं जुनं रेकॉर्डिंग, टेपचा वेग चुकला असेल. पण बावा, तसं असतं तर बाकीचे सूर काहून जुळले असते?

हा सूर तिकडे खरंच आहे का? त्याला नाव आहे का? आणि पेटीवर काढायचा कसा?

सतार_धरमपेठ

काका, तुमचा कान अगदी बरोबर आहे. तो सूर आहे आणि त्याला नावही आहे, सिका. मूळ फारसी शब्द, अर्थ ‘तिसरं ठिकाण’. आपले राग तसे त्यांचे मकाम. तुम्ही ऐकलेला बहुधा रास्त असावा. त्यात गंधार आणि निषाद दोन्ही असे मधले असतात. बयाती नावाच्या मकामात रिषभ तसा असतो. कागदावर ते लोक सप्तकाचे २४ सारखे भाग मांडतात, पण गाणारा कागद बघून गात नाही. तो गंधार गावागणिक किंचित वरखाली होतो, म्हणून तो मोजून नाही, ऐकूनच घ्यावा लागतो.

वाद्यंही त्याला धरूनच आहेत. ऊद या तिकडच्या तंतुवाद्याला पडदे नसतात. कानून म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य, आपल्या स्वरमंडळाचं भावंड म्हणा. त्याच्या तारांखाली एका बाजूला धातूच्या छोट्या कळा असतात, त्या उचलून वाजवणारा वाजवता वाजवता सूर बदलतो. पियानोत ही सोय नाही. १९३२ साली इजिप्तचा राजा फुआद याच्या काळात कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. युरोपातून बार्टोक, हिंडेमिथ हे संगीतकार आले होते. अरबी संगीतात पियानोला जागा द्यावी का, यावर तिथे जोरदार वाद झाला. मला तो वाद फार जवळचा वाटतो, कारण आपल्याकडे आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीच बंद केली होती, ती १९७१ पर्यंत. मुद्दा तोच, ठोकळ सुरांत गळा मावत नाही.

पेटीवर हा गंधार निघणार नाही. पण हिरमुसू नका. ‘इन्ता उम्री’ ऐका, १९६४ चं, संगीत मोहम्मद अब्देल वहाब यांचं. ते मुख्यतः कुर्द मकामात आहे, म्हणजे सरळ आपल्या भैरवीचं सप्तक. त्या भागाच्या सगळ्या पट्ट्या मिळतील. सुरुवातीला इलेक्ट्रिक गिटार ऐकून दचकू नका.

ताजबाग_कव्वाली

काका, एक गोष्ट जोडतो. बाईंचे वडील नाईल नदीच्या डेल्टातल्या एका खेड्यात मशिदीचे इमाम. लग्नकार्यात ते धार्मिक गाणी म्हणायचे आणि हिला मुलाचे कपडे घालून सोबत न्यायचे. लहानपणी कुराणपठण शिकल्यामुळे तिचे उच्चार इतके स्वच्छ आहेत. तिकडचं पठणही मकामांतच चालतं, म्हणजे तो मधला सूर तिच्या कानात गाण्याच्या आधीपासूनच होता. पुढे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल रेडिओवर व्हायची आणि अरब जगभर लोक रेडिओला चिकटून बसायचे. आमच्या दर्ग्यातल्या कव्वालीत एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, घोळवताना मी ऐकतो, तेव्हा मला तीच आठवते.

पेटीवाला_महाल

दोघांचे मनापासून आभार. ‘इन्ता उम्री’ वाजवून पाहिलं, भैरवीच्या पट्ट्यांवर बसलं. गिटारीचं आधी सांगितलंत ते बरं झालं.

आणि काल मंडळातल्या व्हायोलिनवाल्या भाऊंना घरी बोलावलं. मी पेटीवर नुसता सा आणि प धरून ठेवला. त्यांनी कोमल गंधारावर बोट ठेवलं आणि केसभर, केसभर वर सरकवत नेलं. एका जागी मी ‘थांबा!’ म्हणालो. तोच. पाचेक मिनिटं आम्ही दोघं त्या एकाच सुरावर बसून होतो. सतारवाल्या ताई, आता बयातीतला तो रिषभ कुठल्या गाण्यात नीट ऐकू येईल, तेवढं सांगा. भाऊ रविवारी पुन्हा येणार आहेत.