मदत हवी आहे: दुबईत टीचर म्हणून जातेय, घराचं कसं करू?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडची, इथे शाळेत गणित शिकवते, आता दुबईच्या एका सीबीएसई शाळेत जॉब लागलाय आणि एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी तिकडे पोचायचंय. डिग्रीचं अटेस्टेशन एकदाचं झालं (मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग यूएईचं कॉन्सुलेट, नुसते शिक्के!) पण खरं टेन्शन घराचं आहे. शाळा राहायला जागा देत नाही, फक्त हाउसिंग अलाउन्स देते, आणि तिकडे वर्षभराचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने आधीच द्यावं लागतं म्हणे, वर डिपॉझिट आणि एजंटचं कमिशन वेगळं. आता एमिरेट्स आयडी (तिकडचं सरकारी ओळखपत्र) हातात येईपर्यंत बँकेत खातंच उघडत नाही तर चेकबुक कुठून आणू? तोवर तुम्ही काय केलंत, दुबईतल्या करामा किंवा कुसैस भागात शेअरिंगमध्ये राहिलात का? शेजारच्या शारजाला भाडं कमी आहे पण तिथून दुबईला येताना सकाळचं ट्रॅफिक भयंकर असतं म्हणतात, आपली लोकलची गर्दी परवडली अशी मैत्रीण म्हणाली. आई तर रोज विचारते, एकटी राहणार कुठे. तिकडच्या शिक्षक ताई-दादांनी प्लीज सांगा, आणि पहिला पगार होईपर्यंत साधारण किती पैसे जवळ ठेवू तेही.