उद्योगांमधला ज्ञानप्रसार: भारांक खरेदीवरून की पेटंटवरून?

प्रश्न
३० उद्योग, २० वर्षांची आकडेवारी. एकाच्या संशोधनाचा दुसऱ्याच्या उत्पादकतेवर किती परिणाम होतो ते काढायचंय. आदान-प्रदान सारणीतल्या (कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो त्या तक्त्यातल्या) खरेदीवरून भारांक (कोणाचं संशोधन किती धरायचं ते प्रमाण) लावले की परिणाम मोठा येतो, पेटंटवरून लावले की जवळपास शून्य. खरं कोणतं मानायचं?

उत्तर १
दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थतज्ज्ञ ग्रिलिकेसने १९७९ मध्येच हा भेद मांडला होता. यंत्र दुप्पट कामाचं झालं आणि किंमत दीडपटच वाढली, तर उरलेला फायदा घेणाऱ्याच्या पदरात पडतो. किंमत निर्देशांकात गुणवत्ता धरलेली नसेल, तर तो घेणाऱ्याच्या उत्पादकतेत दिसतो. याला ज्ञानप्रसार म्हणणं मला पटत नाही. ही मोजमापातली गळती. एकाची कल्पना दुसऱ्याच्या संशोधनात उतरते तो खरा प्रसार, आणि त्यासाठी दोघांत खरेदी-विक्री असावीच लागत नाही.
शिवाय सारणीत आयात मिसळलेली असेल तर परदेशी संशोधनाचं श्रेय देशी उद्योगाला जातं. फक्त देशांतर्गत व्यवहारांची सारणी घ्या.

उत्तर २
पेटंटवरून भारांक काढायला अर्थतज्ज्ञ जॅफीची (१९८६) रीत वापरा. प्रत्येक उद्योगाच्या पेटंटची वर्गवार टक्केवारी काढून दोन उद्योगांमधला कोसाइन (त्यांच्या टक्केवाऱ्या किती सारख्या ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) घ्यायचा. दोनच वर्ग असतील, एकाचे ६०:४० आणि दुसऱ्याचे ४०:६०, तर (०.६×०.४ + ०.४×०.६) ÷ (०.६² + ०.४²) = ०.४८ ÷ ०.५२ = ०.९२.
संशोधनाचा साठा (आजवरच्या खर्चातला घसारा जाऊन उरलेला भाग) स्थिर किमतींत काढा. पहिला साठा = खर्च ÷ (वाढीचा दर + घसारा). खर्च १००, वाढ ५%, घसारा नेहमीचा १५% धरला तर ५००. पुढे दरवर्षी मागचा साठा × ०.८५ + नवा खर्च. मग इतर उद्योगांचे साठे भारांकांनी गुणून बेरीज. भारांकांच्या तक्त्यात कर्णावर, म्हणजे उद्योगाच्या स्वतःशीच्या भारांकाला, शून्य ठेवा, नाहीतर उद्योगाचं स्वतःचं संशोधन दोनदा मोजलं जातं.

प्रश्नकर्ता
हे सगळं असंच केलंय, वर्षांचे डमीही (त्या वर्षी सगळ्या उद्योगांवर सारखाच झालेला परिणाम वेगळा काढणारे चल) आहेत. पेटंटचे वर्ग मात्र ८ च.

उत्तर २
मग शून्य तिथूनच येतंय. ८ हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे विभाग झाले. इतक्या ढोबळ पातळीवर सगळे उद्योग एकमेकांसारखेच दिसतात, सगळ्यांच्या वाट्याला जवळपास तीच बेरीज येते आणि वर्षांचे डमी ती गिळून टाकतात. पण म्हणून डमी काढून टाकू नका हं, नाहीतर तेजी-मंदीच ज्ञानप्रसार म्हणून मोजाल. एक पातळी खाली उतरा, तिथे शंभरावर वर्ग मिळतील. त्याहून बारीक गेलात तर कमी पेटंटवाल्या उद्योगांचे भारांक शून्याकडे जातात.